उन्हाळ्याचे पेव

व्याख्यानमाला वसंताच्या नावाची असली तरी भंडाऱ्यात वसंत किती दिवस मुक्काम करतो हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. होळी विझली की उन्हाळा दारात येऊन बसतो, आणि व्याख्यान संध्याकाळी ठेवले तरी श्रोत्यांच्या हातांतले पंखे वक्त्याच्या जिभेपेक्षा अधिक वेगाने हलत असतात. अशा दिवसांत उष्णता साठवून कशी ठेवावी या विषयावर बोलावे असे आमच्या मनात आहे, हे आम्ही चालकांना कळविले तेव्हा त्यांनी पत्र दोनदा वाचले असावे. साठवायचीच तर थंडी साठवावी, उष्णता साठवून भंडारेकराने काय करायचे? शंका रास्त आहे. पण तिला उत्तर देण्यापूर्वी आम्हांस थोडे मागे आणि बरेच दूर जावे लागेल.

या विषयाशी आमचा संबंध विद्वत्तेचा नव्हे. शाळा आम्ही आठवीत सोडली आणि एका भातगिरणीत बॉयलरमध्ये कोंडा टाकण्याच्या कामास लागलो. तेथे उकडा तांदूळ होत असे. भात गरम पाण्यात भिजवायचे, त्याला वाफ द्यायची, ओट्यावर वाळवायचे आणि भिजवणीचे पाणी नाल्यात सोडून द्यायचे, असा क्रम. पौषातल्या पहाटे त्या नाल्यावर वाफ धरलेली असे, आणि पहिल्या पाळीला येणाऱ्या बाया कामावर चढण्याआधी त्या पाण्यात हातपाय शेकून घेत. पाच-दहा मिनिटे जात. एके दिवशी मालकाने नाल्यावर फरशी घालून टाकली. पाणी पूर्वीसारखेच वाया जात राहिले, फक्त ते दिसेनासे झाले. वाया जाणाऱ्या उष्णतेलाही मालक असतो हा धडा आम्ही तेथे शिकलो, आणि पुढे युनियनच्या कचेरीत बसून शब्दकोश हाताशी घेऊन जे काही वाचले त्यात हा प्रश्न आमच्या मागे लागून राहिला.

आता साठवणीची गोष्ट. एका ऋतूत जे भरपूर आहे ते दुसऱ्या ऋतूसाठी जमिनीत राखून ठेवावे, ही कल्पना आपल्या लोकांस कोणी परक्याने येऊन शिकवावी अशी नाही. वऱ्हाडात आणि देशावर ज्वारीची पेवे असत. तोंड अरुंद, पोट मोठे, आत कडब्याचे अस्तर, वर मातीने लिंपलेले झाकण. दुष्काळाच्या वर्षी ते उघडायचे. उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, कारण आतली कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते. "पेव फुटणे" हा आपला शब्दप्रयोग त्यातूनच आला. आपल्याकडे भाताचा मुलूख, त्यामुळे साठवण धान्याची कमी आणि पाण्याची अधिक. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी शेतकऱ्यांनी या भागात तलाव बांधले, बोड्या खोदल्या. नवेगावबांधच्या विस्तीर्ण तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव जोडले जाते. ते गाव १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेले, परंतु तलाव काही जिल्ह्याची हद्द पाहून भरत नाही. पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर तलाव आहेत. हस्ताचा पाऊस दगा देतो आणि भात पोटरीला आलेले असते, तेव्हा श्रावणातले पाणी अश्विनात हवे असते. ते पुढच्या महिन्यांना उसने देणारी पेढी म्हणजे आपले तलाव.

या पेढीचा मालक कोण, हा प्रश्न आम्हां युनियनवाल्यांना स्वाभाविकच पडतो. इंग्रजी अमलात मालगुजार हा गावाचा मालक ठरला, आणि तलावही त्याच्या नावावर चढला. पाळ दुरुस्त करायची, गाळ काढायचा, तो रयतेच्या हातांनी. काही ठिकाणी रिवाजाने, काही ठिकाणी सरळ वेठीने. मध्यप्रांताच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. आमच्या चळवळीतील वडील मंडळींनी त्या दिवशी पेढे वाटले होते असे आम्ही ऐकत आलो, आणि ते योग्यच होते. मालगुजारीचे गोडवे गाणाऱ्यांत आम्ही नाही. परंतु त्या पेढ्यांच्या गडबडीत एक प्रश्न राहून गेला: पुढच्या वैशाखात गाळ कोणी काढायचा? मालगुजार गेला, वेठ गेली, आणि तिच्याबरोबर चार-आठ दिवस पाळीवर राबण्याचा रिवाजही गेला. तलाव सरकारचे झाले म्हणजे सर्वांचे झाले असे आम्ही समजलो. प्रत्यक्षात ते कोणाचेच राहिले नाहीत. पूर्वी निस्तारात मिळणाऱ्या पाण्यावर पट्टी बसली तेव्हा तंटे झाले. गाळ चढत गेला, काठाची जमीन ज्याने त्याने दाबली. आज सरकारी कागदांत त्यांना "मामा तलाव" म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. शाळेतली पोरे विचारतात, हा कोणाच्या मामाचा तलाव? त्या पोरांना उत्तर देणे सोपे नाही.

हे सर्व मनात ठेवून आता थंड मुलखात चला.

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. तिच्या वाफेच्या इंजिनापुढे उभे राहण्यास आपल्या जिल्ह्यातले कोष्टी माग सोडून गेले, आणि त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून तेथे संप झाला. हिंदुस्थानातील गिरणी कामगारांचा नोंदलेला पहिला संप म्हणून तो पुस्तकांत सांगितला जातो. (ही गिरणी २००२ साली बंद पडली. तो इतिहास आज घेत नाही, नाहीतर विषय बाजूला राहील.) त्याच १८७७ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट या गावी बर्डसिल हॉली या कारागिराने एका ठिकाणी बॉयलर बसवून जमिनीखालच्या नळांतून शेजारच्या घरांना वाफ पुरवली. घरोघर चूल आणि शेगडी पेटविण्याऐवजी साऱ्या आळीला मिळून एकच बंब, असे त्याचे स्वरूप. आम्ही या योजनेला "गावाचा बंब" म्हणतो. पंडितांचा शब्द याहून लांब आहे, पण बंब म्हटले की आपल्या घरातल्या बाईमाणसांना सगळे समजते. डेन्मार्कमध्ये असा पहिला बंब कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडेरिक्सबर्ग येथे १९०३ साली पेटला, आणि त्यात सरपण म्हणून शहराचा कचरा टाकीत.

डेन्मार्क हा देश येथे महत्त्वाचा आहे. १९७३ साली अरब देशांनी तेल आखडते घेतले तेव्हा या देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक शक्ती आयात तेलावर चालत होती. नोव्हेंबरच्या अखेरीपासून रविवारी मोटार रस्त्यावर आणण्यास बंदी झाली आणि लोक हमरस्त्यावर सायकली चालवू लागले. थंडीत घर गरम नसले तर तेथे माणूस मरतो, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. आपल्याकडे लू लागून मरतो तसा. त्या धक्क्यानंतर १९७९ साली त्यांनी घरे तापविण्यासंबंधी कायदा केला आणि गावोगावच्या बंबांना शिस्त लावली. आज त्या देशातील सुमारे दोनतृतीयांश घरे अशा सामाईक बंबावर आहेत. यातली आम्हांस भावलेली गोष्ट यंत्राची नाही. यातले बरेचसे बंब गावकऱ्यांच्या सहकारी संस्थांचे आहेत. जो उष्णता घेतो तोच सभासद, तोच वार्षिक सभेत उभा राहून हिशेब विचारतो, आणि खर्च निघेल इतकाच दर लावायचा, नफा काढायचा नाही, असा दंडक आहे.

आता साठवणीकडे वळू. सूर्याची उष्णता उन्हाळ्यात मिळते आणि बंब लागतो हिवाळ्यात. मधल्या सहा महिन्यांचे काय करायचे? विजेच्या बॅटरीत ती भरून ठेवणे फार महागाचे. (बॅटरीवरून आठवले: आपल्या तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज खनिज टॉर्चच्या सेलमध्ये जाते. जगाच्या खिशातली ही चिल्लर साठवण आपला जिल्हा पुरवीत आला आहे.) पण कोठार भरायचे तर पाण्यासारखे स्वस्त भांडे नाही. एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर पाणी ५० अंशांनी तापवले तर त्यात सुमारे ५८ युनिट विजेइतकी उष्णता मावते. ती टिकते मात्र भांडे मोठे असेल तरच. फुलपात्रातले पाणी घटकेत निवते, मोठा हंडा सकाळपर्यंत कोमट राहतो, हे पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याला सांगायला नको. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर आत पाणी आठपट मावते, पण उष्णता निसटून जाण्याची बाहेरची बाजू चौपटच वाढते. म्हणून एका घराचा उन्हाळा एका घराला साठवता येत नाही. साऱ्या गावाने मिळून साठवला तर साठतो. निसर्गाचा हा नियम आमच्या युनियनच्या बाजूचा आहे असे आम्ही सभांतून सांगतो आणि टाळ्या मिळवतो, पण गणित मात्र खरे आहे.

डेन्मार्कच्या एरो बेटावर मार्स्टाल नावाचे लहानसे दर्यावर्दी गाव आहे. तेथे १९९६ साली कुरणावर काळ्या पत्र्यांच्या रांगा उभ्या करून उन्हाने पाणी तापविण्यास आरंभ झाला. २००३ साली दहा हजार घनमीटरांचा खड्डा झाला आणि २०१२ साली पंचाहत्तर हजार घनमीटरांचा. हा खड्डा कसा करतात ते वाचताना आम्हांस आमच्या गावची बोडी दिसू लागली. खोदायचे, निघालेली माती चारी बाजूंस टाकून पाळ उंच करायची, उतार जपायचे. फरक इतकाच की आत प्लास्टिकचे जाड अस्तर आणि वर तरंगणारे झाकण. उन्हाळाभर तापलेले पाणी वरच्या अंगाला राहते, थंड पाणी तळाशी; हिवाळ्यात वरून काढून गावाला द्यायचे. पंचाहत्तर हजार घनमीटर पाणी ५० अंशांनी तापले म्हणजे ४३ लाख युनिटांवर उष्णता एका बोडीत मावली. त्या गावाच्या वर्षाच्या गरजेपैकी निम्म्याच्या आसपास उष्णता उन्हातून येते, बाकीची लाकडाच्या चिपाट्यांवर आणि उष्णतेच्या पंपावर. पुढे २०१५ साली व्होयेन्स येथे वाळूच्या जुन्या खाणीत दोन लक्ष घनमीटरांचे तळे झाले. सगळे सुरळीत चालले असे नाही. काही ठिकाणी झाकणात पाणी शिरून ती कुजली आणि बदलावी लागली. खर्च सभासदांनी सोसला, वार्षिक सभांत कटकटीही झाल्या असतील. आम्हांला सहकारी संस्थांच्या सभांचा थोडा अनुभव आहे.

या तळ्यांच्या आधीचा एक मोठा प्रयोग स्वीडनचा. उप्साला शहराजवळ ल्युकेबो येथे १९८३ साली खडकात सुरुंग लावून एक लाख घनमीटरांची गुहा कोरली. तिचा आकार वलयासारखा, मधला खडकाचा खांब तसाच सोडलेला. आपल्या बंबाच्या पोटातून नळी जाते तसा. साडेपाचशे घरांसाठी ही योजना होती. उष्णतेची गळती मात्र हिशेबापेक्षा जास्त निघाली. जमिनीत उष्णता ठेवायची तर आधी भोवतालची जमीन तापवावी लागते. पहिली काही वर्षे भूमी आपला हप्ता कापून घेते, आणि तो भरण्याची तयारी नसेल त्याने या धंद्यात पडू नये.

याच्या उलट टोकाला कॅनडाची गोष्ट आहे आणि ती आम्हांस जास्त विचार करायला लावते. आल्बर्टा प्रांतात ओकोटोक्स गावाच्या एका वसाहतीत ५२ घरे बांधली. त्यांच्या मोटारखान्यांच्या छपरांवर ८०० सौरपत्रे बसविले आणि एका मोकळ्या जागेखाली ३५-३७ मीटर खोल अशी १४४ भोके पाडून त्यांतून गरम पाणी फिरवीत राहिले. पाणी साठवायचे नाही, मातीच तापवायची. २००७ साली हे सुरू झाले. जमीन हळूहळू मुरत गेली आणि २०१५-१६ च्या हिवाळ्यात, जेथे पारा उणे तीसपर्यंत उतरतो तेथे, त्या ५२ घरांची सारी ऊब उन्हाळ्याच्या उन्हातून निघाली. जगभरचे लोक पाहायला येत. परंतु सतरा वर्षांत यंत्रे जुनी झाली, सुटे भाग मिळेनात, दुरुस्तीचा खर्च परवडेना. २०२४ साली योजना बंद करण्यात आली आणि घरांत गॅसच्या शेगड्या बसल्या. जमिनीखालची उष्णता कोठे गेली नव्हती. पंप, वाल्व्ह, पंखे असल्या किरकोळ गोष्टींनी दगा दिला. आमच्या मते मुख्य दोष असा की त्या प्रकारची वसाहत आजूबाजूला दुसरी नव्हती. शंभर गावांत तोच पंप असता तर त्याचा मिस्त्री आणि त्याचा सुटा भाग मिळाला असता. डेन्मार्कमध्ये मार्स्टालचा मिस्त्री अडला तर शेजारच्या गावच्या मिस्त्रीला विचारू शकतो. एकट्या कामगाराचे जे होते ते एकट्या वसाहतीचे झाले.

आता ती सुरुवातीची शंका. आम्हांला उष्णता नको, थंडी हवी, त्याचे काय? तर त्याचाही इतिहास आहे आणि तो गिरणी कामगारांचा आहे. शांघाय शहरात कापडगिरण्या खाते थंड ठेवण्यासाठी विहिरींचे पाणी उपसत. इतके उपसले की शहरच खचू लागले. १९२१ ते १९६५ या काळात काही ठिकाणी जमीन अडीच मीटरांहून अधिक खाली गेली. ती सावरण्यासाठी हिवाळ्यात नदीनाल्यांचे पाणी विहिरींतून परत जमिनीत सोडू लागले. तेव्हा असे दिसले की हिवाळ्यात घातलेले गार पाणी उन्हाळ्यात गारच बाहेर येते. १९६० च्या सुमारास गिरण्यांनी ही रीत मुद्दाम चालविली, आणि थंडीची पेवे तयार झाली. पुढे हॉलंडने ही विद्या इतकी वाढवली की आज तेथे दोन हजारांवर इमारती हिवाळ्याची थंडी एका विहिरीत आणि उन्हाळ्याची उष्णता दुसऱ्या विहिरीत ठेवून वर्ष काढतात.

आपल्याकडे तसेच होईल असे आम्ही म्हणणार नाही. शांघायच्या खाली नदीने आणलेल्या वाळूचे जाड थर आहेत. आपल्या जिल्ह्यात वैनगंगेचा काठ सोडला तर बहुतेक ठिकाणी जुना, कठीण खडक. शिवाय भूमी ही फार काटेकोर कारकून आहे. वर उन्हाळा असो की हिवाळा, दहा-पंधरा मीटर खाली ती साऱ्या वर्षाची सरासरी धरून बसते. डेन्मार्कमध्ये ती सरासरी आठ-नऊ अंश, आपल्याकडे सत्तावीस अंशांच्या आसपास. म्हणून वैशाखात विहिरीचे पाणी गार लागते आणि पौषात तेच कोमट लागते. पाणी बदललेले नसते, आपण बदललेले असतो. तरीही पंचेचाळीस अंशांच्या दुपारी पत्र्याखाली विड्या वळणाऱ्या बाईला सत्तावीस अंश म्हणजे काय, हे वातानुकूलित खोलीत बसणाऱ्याला समजणार नाही. पत्र्याखालच्या त्या दुपारीची भरपाई मागण्यास आम्ही अनेकदा गेलो आहोत, आणि ऊन ही निसर्गाची गोष्ट आहे, तिच्यावर मागणीपत्र कसे देता, असे ऐकून परत आलो आहोत.

आम्हांस सर्वांत अधिक काळ गुंतवून ठेवले ते मात्र हॉलंडच्याच हेर्लेन शहराने. खरे सांगायचे तर आम्ही तेथे उष्णता शोधीत गेलो नव्हतो. खाण बंद पडल्यावर खाणकामगाराचे काय होते, हे आम्ही पुस्तकांतून शोधीत होतो, कारण आमचे काही सभासद मँगनीजच्या खाणींत आहेत. हेर्लेनच्या परिसरात दगडी कोळशाच्या खाणी होत्या आणि त्यांवर सुमारे ४५,००० कामगार होते. १९५९ साली त्या देशाच्या उत्तरेस नैसर्गिक वायू सापडला. तेल आणि परदेशी कोळसाही स्वस्त पडू लागला. १७ डिसेंबर १९६५ रोजी अर्थखात्याचे मंत्री योप देन आउल हेर्लेनच्या नाट्यगृहात आले आणि खाणी बंद होणार असे त्यांनी जाहीर केले. मंत्री मजूर पक्षाचे होते, हे आमच्यासारख्याने विसरू नये. पर्यायी काम दिल्याशिवाय खाण बंद करणार नाही असे वचन त्यांनी दिले. शेवटची खाण १९७४ च्या डिसेंबरात बंद झाली.

वचनाचे काय झाले? सरकारने काही कचेऱ्या राजधानीच्या बाजूने उचलून तेथे आणल्या. त्यांत देशाच्या सांख्यिकी खात्याचाही मोठा भाग होता. पण वीस वर्षे कोळसा फोडलेला माणूस टेबलाशी बसून आकड्यांची बेरीज करीत नाही. त्याच्या मुलाला कदाचित ते काम मिळाले असेल. पुष्कळ खाणकामगार बेकार राहिले, पुष्कळ छातीच्या रोगाने खंगले. कोळशाच्या काळ्या टेकड्या काढून टाकण्यात आल्या, हिरवळ लावण्यात आली आणि शहर देखणे झाले. एवढी मोठी पिढी जमिनीखाली राबली याची खूण पुसून टाकण्याचीच जणू सर्वांना घाई झाली होती.

दरम्यान खाली पंप बंद झाल्याने पाणी चढत होते. मैलोगणती गल्ल्या, उतार, चढाव सारे पाण्याने भरले. सातशे मीटर खोलीवरचे पाणी जमिनीच्या अंगच्या उष्णतेने सुमारे २८ अंश, आणि वरच्या, अडीचशे मीटरांच्या आसपासच्या गल्ल्यांतले सोळा. हेर्लेनच्या नगरपालिकेने या पाण्यापर्यंत विहिरी पाडल्या आणि ऑक्टोबर २००८ मध्ये त्यावर चालणारे पहिले केंद्र सुरू केले. आरंभी नुसते पाणी उपसून घेत. पण असे उपसत राहिले तर खाणीची ऊब संपेल हे ध्यानात आल्यावर रीत बदलली. आता एका इमारतीला थंडी हवी असते तेव्हा तिची निघालेली उष्णता दुसऱ्या इमारतीला देतात, आणि उरलेली खाणीत ठेवतात. हिवाळ्यात ती परत काढतात. कोळसा काढून रिकामे केलेले पोट शहराचे उष्णतेचे पेव झाले. आणि खाणीच्या बदल्यात शहराला मिळालेली ती सांख्यिकी कचेरी, तिची नवी इमारतही याच खाणीच्या पाण्यावर ऊब घेते.

या विहिरी पाडताना एक अडचण होती. सातशे मीटर वरून भोक पाडून खालच्या चार-पाच हात रुंदीच्या गल्लीत नेमके उतरायचे, म्हणजे गच्चीवरून सुईत दोरा ओवण्यासारखे. जुने खाणीचे नकाशे होते म्हणून ते जमले.

हे वाचल्यावर आम्ही चिखल्याच्या खाणीत आयुष्य काढलेल्या एका निवृत्त सभासदाला कचेरीत बोलावून घेतले. चिखल्याची खाण विसाव्या शतकाच्या आरंभापासूनची. ती आजही चालू आहे आणि चालू राहावी अशीच आमची इच्छा आहे. पण खनिज कधीतरी संपते आणि पंप कधीतरी थांबतात. त्यांना आम्ही हेर्लेनची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "मंग त्या पान्याचा मालक कोन?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. मालगुजार नाही, हे खरे. पण १९५१ नंतर तलावांचे जे झाले ते आम्ही दोघांनी पाहिले होते. खाण बंद करताना नकाशे सरकारदरबारी द्यावे लागतात हे आम्ही त्यांना सांगितले. त्यावर ते म्हणाले, की नकाशात गल्ली असते, पण कोणत्या गल्लीत बारमाही झरा आहे, कोठले छत पोकळ वाजत होते, कोणत्या बाजूला वैशाखात अंगाला गार वारा लागत असे, ते नकाशात नसते. मग त्यांनी खडू मागितला आणि कचेरीच्या फरशीवर काढून दाखविण्यास सुरुवात केली. दीड तास ते काढीत होते. आम्ही जुन्या संपाच्या हस्तपत्रकांचे कोरे मागचे कागद जोडून त्यावर ते उतरवून घेतले. कागद कमी पडले तेव्हा ते म्हणाले, खालच्या दोन लेव्हल राहिल्या आहेत, उद्या येतो.